जँगो सोडून बोला: सिंती-रोमा जॅझमधले मागे राहिलेले गिटारवाले

अर्धा_सूर (धागाकर्ता)

मानूश जॅझ म्हणा, जिप्सी जॅझ म्हणा (युरोपातल्या सिंती आणि रोमा, म्हणजे लोक ज्यांना 'जिप्सी' म्हणतात त्या समाजांचं गिटारप्रधान जॅझ), विषय निघाला की चर्चा जँगो राइनहार्टपाशी येऊन अडते ती अडतेच. १९२८ ची कॅरॅव्हानची आग, डाव्या हाताची जायबंदी झालेली दोन बोटं, १९३४ मध्ये ग्रापेलीच्या व्हायोलिनबरोबर पॅरिसात जमलेलं हॉट क्लबचं क्विंटेट, १९५३ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी आलेलं मरण. ही कथा इथे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे या धाग्यात ती नको. बिरेली लाग्रेन आणि स्टोकेलो रोझेनबर्ग हे आजचे गाजलेले गिटारवालेही नकोत. त्यांचं कौतुक करायला बाकीचं इंटरनेट मोकळं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. जँगोनंतर या परंपरेत जे खरोखर नवं घडलं, ते जँगोची नक्कल करायला नकार देणाऱ्यांनी घडवलं. आणि नेमके तेच मागे पडले. कारण श्रोत्यांना (आणि आता यूट्यूबला) हवा असतो वेग, आणि हवा असतो 'दुसरा जँगो'. जो पहिलाच काहीतरी आहे त्याला कुठल्या कप्प्यात टाकायचं हे कुणाला कळत नाही.

सुरुवात माझ्या लाडक्यापासून करतो: बारो फेरे. रुआँकडच्या या कुटुंबातले तीन भाऊ: बारो, सारान आणि मातलो. जोडीला चुलतभाऊ शालँ. चौघंही गिटारवाले, चौघंही पॅरिसात जँगोच्या आगेमागे वावरणारे. बारो तर हॉट क्लबच्या क्विंटेटमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवायचा. पण त्या काळात गिटारवाल्याची रोजीरोटी जॅझवर चालत नव्हती, ती चालायची अकॉर्डियनवर. पॅरिसातल्या नाचाच्या दालनांत म्यूझेतची चलती होती, म्हणजे अकॉर्डियनवरचे वॉल्ट्झ. मागे ताल धरायला गिटार किंवा बँजो. जँगोसुद्धा पहिल्यांदा रेकॉर्डवर आला तो असाच, अकॉर्डियनवाल्याच्या मागे बँजो घेऊन, आणि लेबलवर नाव छापलं गेलं 'जिआंगो रेनार'.

बारोने या वॉल्ट्झचं काय केलं ते ऐकण्यासारखं आहे. ग्यूस व्हिझर, टोनी म्यूरेना, जो प्रिव्हा या अकॉर्डियनवाल्यांबरोबर वाजवता वाजवता त्याने तीन मात्रांच्या नाचगाण्यात स्विंग घातला, आणि युद्धानंतर त्यात बीबॉप (चाळीसच्या दशकातलं वेगवान, गुंतागुंतीचं अमेरिकन जॅझ) कालवला. त्याचं 'पानिक' ऐका. वॉल्ट्झ आहे, पण त्यावर नाचायला गेलात तर पाय एकमेकांत अडकतील. सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने घसरत येतात, आता घरी परत येणार असं वाटतं तोच पठ्ठ्या भलत्याच कॉर्डवर उतरतो, आणि हे सगळं भरधाव. 'ला फॉल'ही त्याच जातीचं. गोड काही नाही. १९६६ मध्ये व्होग या रेकॉर्ड कंपनीने त्याची स्विंग वॉल्ट्झची एलपी काढली. तोवर बारोचं मन गिटारपेक्षा बार चालवण्यात जास्त रमलं होतं. रेकॉर्ड खपली नाही. आज ती या संगीतातल्या सगळ्यात धाडसी रेकॉर्डपैकी एक मानतात, पण मानणारे कोण, तर गिटारवालेच.

धाकटा मातलो वेगळाच. पॅरिसच्या रशियन कॅबरेंमध्ये त्याने उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे त्याच्या वाजवण्यात रशियन आणि बाल्कन रोमांची गाणी मुरलेली. जँगोने रचलेले पण स्वतः कधीच रेकॉर्ड न केलेले काही वॉल्ट्झ होते: 'मोंतान्य सँत-जनव्हिएव्ह', 'गागूग', 'शे जाके', 'चोटी'. जँगो गेल्यावर ते मातलोने वाजवून ठेवले म्हणून उरले. नाहीतर गेले होते.

मातलोची मुलं बुलू आणि एलिओस फेरे. बुलू १९५१ चा. पोरवयातच चार्ली पार्करचे सोलो तोंडाने म्हणायचा आणि गिटारवर वाजवायचा. पुढे संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँकडे शिकला. दोघा भावांची १९७९ ची 'पूर जँगो' ही रेकॉर्ड ऐका. नाव श्रद्धांजलीचं, आत बाख आहे, बॉप आहे, आणि जँगोची एकही उसनी फ्रेज नाही असं म्हटलं तरी चालेल (थोडी अतिशयोक्ती, पण थोडीच).

माझ्या यादीत आणखी आहेत: बेल्जियमचा फापी लाफेर्टिन, बर्लिनचा हेन्शे वाइस, बुडापेस्टचा एलेक बाचिक. पण सगळं मीच लिहिलं तर तुम्ही काय करणार? टाका आपापली नावं. एकच अट, नावाबरोबर काय ऐकायचं तेही लिहा. नुसती नावांची जंत्री नको.

उगाच_काहीतरी

पहिला! आता वाचतो.

तिरकिट

मस्त धागा. वाचनखूण साठवली. मी तबल्यावाला, गिटारचं ज्ञान शून्य, म्हणून बाळबोध प्रश्न. या बँडमध्ये ड्रमच नसतात ना? मग ताल कोण धरतं? मागे जे खसाक-खसाक ऐकू येतं ते नक्की काय आहे?

अर्धा_सूर

@तिरकिट, बाळबोध नाही, मुद्द्याचा प्रश्न आहे. त्याला 'ला पाँप' म्हणतात. ड्रम नाहीत, म्हणून दोन ऱ्हिदम गिटार आणि डबल बास मिळून सगळा भार उचलतात.

चार मात्रा धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर उजवा हात जाड तारांवरून हलका फिरतो. दुसऱ्या आणि चौथ्यावर मनगट झटकून सगळ्या तारांवर आघात, आणि लगेच डाव्या हाताची बोटं किंचित सैल करायची म्हणजे आवाज तिथेच तुटतो. आघाताच्या अगदी आधी एक बारीकसा वरच्या दिशेचा झटका असतो, तो ऐकू येतो न येतो. तुम्ही म्हणताय ते 'खसाक' म्हणजे हा तुटलेला आवाज. हे मिनिटाला अडीचशे मात्रांच्या चालीत चार-पाच मिनिटं, हात न आखडता, लय न ढळता करून दाखवा म्हणजे कळतं.

सोलोवाल्याचा उजवा हातही वेगळाच. मनगट वाकवलेलं, हात गिटारवर न टेकवता तरंगता. पिक नाण्यासारखं जाड. खालच्या दिशेने मारताना ते तार ओलांडून पुढच्या तारेवर जाऊन विसावतं. तार बदलली की पुन्हा खालच्या दिशेच्याच आघाताने सुरुवात, आधीचा आघातही त्याच दिशेचा असला तरी. मायक्रोफोन नसताना अकॉर्डियनच्या गदारोळात ऐकू यायचं तर असंच वाजवावं लागे.

रॉटरडॅमकर

ऱ्हिदमचा विषय निघालाच आहे तर बोलतो.

'दुर्लक्षित' कुणाच्या लेखी, हे आधी ठरवा. मी नेदरलँड्समध्ये बरीच वर्षं आहे. इथल्या ब्राबांटमधल्या सिंती वस्त्यांमध्ये वासो ग्र्यूनहोल्त्सचं नाव घेतलं की माणसं सरळ होऊन बसतात. बाहेर कुणाला माहीतही नाही. खेरवेनचा पाउलुस शेफर हा त्याचाच चेला, आणि आज तो वाजवतो ते ऐकलं की घाई न करता वाजवणं म्हणजे काय ते कळतं. रेकॉर्ड कंपन्यांच्या आणि जॅझच्या जाडजूड पुस्तकांच्या लेखी दुर्लक्षित म्हणत असाल तर सहमत.

माझं मत: सगळ्यात मोठा अन्याय झालाय तो ऱ्हिदमवाल्यांवर. रोझेनबर्ग ट्रिओ म्हटलं की लोक स्टोकेलो म्हणतात. बाजूला बसलेला त्याचा चुलतभाऊ नूशे काय करतोय ते ऐकताच नाहीत. १९९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ग्रापेली या पोरांना घेऊन वाजवायला बसला, तो काय नुसत्या सोलोसाठी? त्या वयात ग्रापेलीला हवा होता खाली पक्का, न डगमगणारा जोता. नूशेचा ऱ्हिदम हा इंजिनचा आवाज नाही, त्यात श्वास आहे. एका मिनिटात चार ठिकाणी तो कॉर्डची मांडणी बदलतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

आणि मूळ पुरुष जोसेफ राइनहार्ट, जँगोचा सख्खा धाकटा भाऊ, १९१२ चा. क्विंटेटच्या रेकॉर्डवर जे 'खसाक' आहे त्यातलं बरंचसं त्याचं. लोकांना एवढंच ठाऊक की तो थोरल्याची गिटार उचलून चालायचा. जँगोनंतर त्याने स्वतः पुढे येऊन सोलो वाजवले आहेत. जँगोपेक्षा रांगडे, कमी सुरांचे. मला आवडतात.

ताजं कोण म्हणाल तर मोझेस रोझेनबर्ग, स्टोकेलोचा धाकटा भाऊ. त्याला चा लिंबेर्गरबरोबर ऐका. चा हा जन्मापासूनचा अंध नसला तरी अगदी तान्हेपणापासून डोळ्यांनी अधू, व्हायोलिन आणि गिटार दोन्ही वाजवतो, गातोही. पुन्हा विषय बदलतोय, थांबतो.

मडगावचो_पावलू

एलेक बाचिकचं नाव वाचून बरं वाटलं. धागाकर्त्यांनी नुसतं नाव टाकून सोडलंय, तर पुढचं मी लिहितो. आमच्या घरात बीबॉप ऐकणारी माणसं, त्यामुळे मी मानूश वाटेने नाही, डिझी गिलेस्पीच्या वाटेने बाचिकपर्यंत पोचलो. 'डिझी ऑन द फ्रेंच रिव्हिएरा', १९६२ ची. पियानोवर लालो शिफ्रिन, सॅक्स-फ्लूटवर लिओ राइट, आणि गिटारवर हा बुडापेस्टचा रोमा.

बाचिक १९२६ चा. शिक्षण व्हायोलिनचं, तेही रीतसर कॉन्झर्व्हेटरीतलं. गिटार नंतर आली. पॅरिसात आला तो थेट इलेक्ट्रिक गिटार घेऊन. सेल्मर (मानूशवाल्यांची बिनविजेची गिटार) नाही, ला पाँप नाही, त्यामुळे मानूशवाले त्याला आपला मानत नाहीत आणि अमेरिकन जॅझवाले त्याला ओळखत नाहीत. १९६२ आणि ६३ मध्ये त्याच्या दोन एलपी फ्रान्समध्ये निघाल्या, 'टेक फाइव्ह' त्यातल्या पहिलीवर आहे.

पण त्याचं सगळ्यात सुंदर काम जॅझच्या रेकॉर्डवर नाहीच. फ्रेंच गायक सेर्ज गेन्सबूरची 'काँफिदांस्येल' ऐका, १९६३ ची. अख्खी रेकॉर्ड तीन माणसांची: गेन्सबूरचा आवाज, मिशेल गोद्रीचा बास, बाचिकची गिटार. ड्रम नाहीत, ऑर्केस्ट्रा नाही. गाणारा अर्धवट बोलल्यासारखा गातो आणि गिटार त्याच्या ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत कॉर्डचे दोन-तीन ठिपके टाकून गप्प बसते. कुठे वाजवायचं नाही हे इतकं कळलेला गिटारवाला मी क्वचित ऐकलाय. ती रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. १९६६ मध्ये बाचिक अमेरिकेला गेला, लास व्हेगासच्या शोमध्ये वाजवत राहिला, मधे ७४-७५ मध्ये व्हायोलिन घेऊन दोन रेकॉर्ड केल्या. १९९३ मध्ये गेला. जॅझच्या इतिहासात त्याला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

शंकासूर

वाचतोय, मजा येतेय. पण मला हे सगळं आपल्या घराण्यांसारखं वाटतंय. फेरे घराणं, राइनहार्ट घराणं, रोझेनबर्ग घराणं. बापाकडून मुलाला, मामाकडून भाच्याला. लेखी काही नाही. लहान पोराने आधी वर्षानुवर्षं नुसता ऱ्हिदम धरायचा, सोलो नंतर. मग यात 'नक्कल केली नाही तेच मोठे' हा धागाकर्त्यांचा निकष कसा लागू पडतो? घराण्यात नक्कल हाच पाया असतो की. किराण्याच्या गवयाला कुणी म्हणतं का की तू अब्दुल करीम खाँसारखं गायलास म्हणून तू कमी?

अर्धा_सूर

@शंकासूर, मुद्दा बिनतोड वाटतो, पण एक फरक आहे. घराण्यात गुरू समोर असतो. तो टोकतो, थांबवतो, 'हे तुझ्या गळ्याला नाही' म्हणतो. जँगो १९५३ मध्ये गेला. नंतरच्या पिढ्या शिकल्या त्या रेकॉर्डवरून. सुई मागे नेऊन, पुन्हा पुन्हा. रेकॉर्ड टोकत नाही. त्यामुळे १९३७ चा एक सोलो, त्या दिवशी त्या माणसाला सुचला तसा, आज जगभर शेकडो पोरं सुरान् सूर तसाच वाजवतात. किराण्यात असं कुणी करील तर त्याला हाकलून देतील.

आणि खुद्द जँगोला हे पटलं नसतं. १९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडबरोबर अमेरिकेचा दौरा करून आला, पुढे इलेक्ट्रिक गिटार घेतली, बॉप वाजवू लागला. शेवटच्या दोन-तीन वर्षांचा जँगो ऐकलात तर १९३७ ची नक्कल करणारे किती मागे आहेत ते कळेल.

नेकारकाठी

जर्मनीतून लिहितोय. हेन्शे वाइस आणि एकूण जर्मन सिंतींबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून हा लांबलचक प्रतिसाद.

फ्रान्समध्ये युद्धकाळातही जँगो पॅरिसात वाजवत होता, त्याचं प्रसिद्ध 'न्याज' १९४० मधलं. जर्मनीतल्या सिंतींच्या वाट्याला काय आलं ते वेगळं सांगायला नको. कोब्लेंझचा दावेली राइनहार्ट, १९३२ चा, लहान वयात आउशविट्झ पाहून जिवंत परत आला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथला सिंती-रोमांचा छावणीचा भाग रिकामा केला गेला, चार हजारांवर माणसं गॅसमध्ये मारली गेली. जे वाचले ते परत आले तेव्हा त्यांना कुणी बळी मानायलाच तयार नव्हतं. पश्चिम जर्मनीच्या सरकारने हा वंशसंहार होता हे जाहीरपणे मान्य केलं ते १९८२ मध्ये, चान्सेलर हेल्मुट श्मिट यांच्या काळात.

या मधल्या काळात काय झालं, तर संगीत घरात राहिलं. साठच्या दशकाच्या अखेरीस व्हायोलिनवाला श्नुकेनाक राइनहार्ट आपलं क्विंटेट घेऊन उघड्यावर आला, त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, जर्मन लोकांनी तिकिटं काढून सिंतींचं संगीत ऐकायला सुरुवात केली. त्या क्विंटेटमध्ये दावेली होता, आणि विशीही न गाठलेला हेन्शे वाइस होता. १९७२ मध्ये हेन्शेने वेगळं होऊन स्वतःचं क्विंटेट काढलं: व्हायोलिनवर टीटी विंटरश्टाइन, गिटारवर लुलू राइनहार्ट, ऱ्हिदमला झिरोली विंटरश्टाइन, बासवर होयोक मेर्श्टाइन.

हेन्शेची गिटार जँगोपेक्षा गंभीर आहे. त्याच्या आवाजात चमक कमी, वजन जास्त. हंगेरियन चार्डाश, म्यूझेत, बॉसा, स्विंग, सगळं त्याने एका ताटात वाढलं पण कालवून टाकलं नाही. आणि १९७७ मध्ये त्याने एक गाणं केलं, 'लास मारो चाचेपेन', रोमानेस भाषेत, 'आपला हक्क मागू या' अशा अर्थाचं. नाचगाण्याच्या बँडने छळाबद्दल, हक्काबद्दल, स्वतःच्या भाषेत, रेकॉर्डवर गायचं, हे तेव्हा नवं होतं. मान्यता यायला अजून पाच वर्षं होती हे लक्षात घ्या.

नंतर त्याने मोठा बँड सोडला आणि बासवाल्या व्हाली मायरबरोबर नुसती दोघांची जोडी केली. गिटार आणि बास, बास्स. त्या रेकॉर्ड मिळाल्या तर सोडू नका. २०१६ मध्ये गेला. दावेलीही त्याच वर्षी.

(जाता जाता, हायडेलबर्गला जर्मन सिंती-रोमांचं दस्तऐवज आणि संस्कृती केंद्र आहे, १९९७ पासून. इकडे आलात तर किल्ला बघून झाल्यावर तिथेही जा. किल्ल्यापाशी मराठी ऐकू येतं, केंद्रात कधी ऐकलं नाही.)

उगाच_काहीतरी

@नेकारकाठी, प्रतिसाद आवडला. आज मी विनोद करत नाही.

निशिगंधा

धागा आणि सगळे प्रतिसाद वाचले. एक खटकलं: अख्ख्या चर्चेत एकही बाई नाही. वाजवत नाहीत, की वाजवू देत नाहीत, की आपणच ऐकत नाही?

रॉटरडॅमकर

@निशिगंधा, ताई, बरोबर बोललात. गिटार ही या कुटुंबांमध्ये पुरुषांची समजली गेली, बायका गायच्या, आणि तेही बहुतेक घरात. रेकॉर्डवर येणाऱ्या पहिल्या नावांमध्ये बाई सापडत नाही. अलीकडच्यांमध्ये राव्हेन्सबुर्गची दोची राइनहार्ट आहे, १९७५ ची. गाते, गिटार वाजवते, स्वतःची गाणी लिहिते, शिवाय आपल्या सिंती कुटुंबाचा इतिहास लिहिलेलं तिचं पुस्तकही आहे. पण तिचा भर गाण्यावर.

गिटारकिडा

ऑस्कर आलेमान कसा कुणाला आठवला नाही? आणि गॅबोर साबो? अत्तिला झोलर?

अर्धा_सूर

@गिटारकिडा, तिघंही बाप वादक, पण धाग्याच्या विषयात बसत नाहीत. आलेमान अर्जेंटिनाचा. तीसच्या दशकात पॅरिसात होता आणि जँगोशी बरोबरी करायचा, म्हणून लोक त्याला याच पंक्तीला बसवतात. साबो आणि झोलर हंगेरियन, पण हंगेरियन गिटारवाला म्हणजे रोमा असं नसतं. हंगेरीचा खरा रोमा गिटारवाला हवा असेल तर वर पावलूबाब बाचिकवर लिहून गेलेत ते वाचा.

सहावी_तार

हंगेरीचं नाव निघालं आणि फेरेन्त्स श्नेतबेर्गर राहिला? मी क्लासिकल गिटार शिकवते, माझ्यासाठी या धाग्यातलं सगळ्यात मोठं नाव तेच.

शाल्गोतार्यानचा, १९५७ चा. नायलॉनच्या तारा, पिक नाही, बोटांनी वाजवणं. त्यामुळे 'जिप्सी जॅझ'च्या यादीत तो कधी येतच नाही. १९९५ मध्ये, महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्याने गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्तो लिहिला, 'इन मेमरी ऑफ माय पीपल'. आपल्या मारल्या गेलेल्या माणसांसाठी. त्यात आक्रोश नाही. गिटार बऱ्याचदा एकटीच बोलते आणि तारवाद्यं मागे सरून तिला जागा देतात.

सुरुवात करायची असेल तर ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने २०१६ मध्ये काढलेली 'इन कॉन्सर्ट' घ्या. बुडापेस्टच्या लिस्ट अकादमीतला एकट्याचा कार्यक्रम आहे. विद्यार्थ्यांना मी ऐकवते ती अशासाठी की त्यात उजव्या हाताचा अंगठा स्वतंत्र वादकासारखा चालतो. खाली बासची ओळ चालू, वर धून, मधे कॉर्ड.

शिवाय २०११ पासून बालाटोन सरोवराजवळ फेल्शोएर्श गावात तो वंचित घरांतल्या, मुख्यतः रोमा मुलांसाठी संगीताचं निवासी केंद्र चालवतो. रेकॉर्डइतकंच हेही त्याचं काम.

तिरकिट

आज दिवसभर कानाला हेच. 'काँफिदांस्येल' तीनदा झाली. पावलूबाब, आभार.

भारताशी यांचं नातं सांगतात ते संगीतात कुठे दिसतं का हो? मला तरी ऐकताना आपल्याकडचं काही जाणवलं नाही.

अर्धा_सूर

@तिरकिट, नाही जाणवणार. रोमानी भाषा आपल्याच भाषाकुळातली, त्यावर भाषावाल्यांचं एकमत आहे. पण हे संगीत बनलं पॅरिसच्या नाचघरांत, अमेरिकन रेकॉर्ड ऐकून आणि पूर्व युरोपच्या कॅबरेंत. त्यात राग शोधू नये. तोनी गातलिफचा 'लाचो द्रोम' (१९९३) राजस्थानात सुरू होतो आणि युरोपभर फिरत चावोलो आणि दोरादो श्मिटच्या गिटारपर्यंत येतो. सिनेमा म्हणून थोर, पण तो कवीने काढलेला नकाशा आहे, इतिहासाचं पुस्तक नव्हे.

अपवाद एक: व्हिएन्नाचा हारी स्टोयका, १९५७ चा, लोव्हारा रोमा. चित्रकार चेइया स्टोयकाचा पुतण्या. रॉक, फ्यूजन सगळं करून झाल्यावर तो मुद्दाम राजस्थानात गेला, तिथल्या वादकांबरोबर वाजवलं, त्यावर माहितीपट झाला आणि पुढे 'इंडिया एक्सप्रेस' ही रेकॉर्ड. मला त्याचा स्विंग जास्त आवडतो, पण तुम्ही ऐका.

व्हिएन्नाचाच कार्ल रात्सर, सिंती, १९५० चा. चेट बेकरबरोबर वाजवलेला माणूस. त्यावर कुणीतरी वेगळं लिहा.

शंकासूर

फापी लाफेर्टिन? नाव टाकलंत आणि पळालात.

अर्धा_सूर

@शंकासूर, हो, तोच राहिला. बेल्जियमच्या कोर्ट्राइकचा, १९५० चा. १९७५ मध्ये कून दे काउटरबरोबर 'वासो' नावाचा बँड काढला, ऱ्हिदमवर व्हिव्ही लिंबेर्गर (वर उल्लेख आलेल्या चा लिंबेर्गरचे वडील). बिरेली पुढे यायच्या कितीतरी आधी हे संगीत सिंती वस्त्यांबाहेर नेणाऱ्यांत वासो होता. रोझेनबर्गांच्या पिढीने त्याला ऐकून ऐकून शिकलंय.

फापीचं वैशिष्ट्य सूर धरण्यात आहे. बाकीचे एका मात्रेत चार सूर भरतात, हा एकच घेतो आणि डाव्या हाताचं बोट तारेवर असं हलवतो की तो सूर रुंद होत जातो. पोर्तुगीज गितार्राही वाजवतो, बारा तारांची, फादोवाली. 'फ्लर द लाव्हांद' ऐका, १९९१ ची. आणि वेगाच्या व्हिडिओंना हजारो पसंत्या मिळतात त्या काळात याला किती मिळतात तेही बघून या.

लोणावळाचिक्की

पॅरिसला जाणाऱ्यांसाठी फुकटचा सल्ला. सां-उआँच्या जुन्या बाजारात 'ला शोप दे प्यूस' नावाची खाणावळवजा जागा आहे. तिथे मोंदिन गार्सिया आणि त्याचा मुलगा निनिन वर्षानुवर्षं शनिवार-रविवारी वाजवायचे. स्टेज वगैरे नाही, समोर कॉफीचे कप, बाहेर जुनं फर्निचर विकणारे. मोंदिन २०१० मध्ये गेला. त्याच्या रेकॉर्ड जवळजवळ नाहीतच, आणि त्याला त्याचं काही वाटत असावं असं बघून वाटत नसे. अर्धा_सूर यांच्या व्याख्येत बसतो का माहीत नाही. जुनंच वाजवायचा, पण त्याच्यासारखं कुणी वाजवत नव्हतं.

मडगावचो_पावलू

बाबिक राइनहार्ट राहिला. जँगोचा मुलगा, १९४४ चा. बाप गेला तेव्हा पोर आठ वर्षांचं. आयुष्यभर लोकांनी 'बापासारखं वाजव' म्हणून पिच्छा पुरवला, आणि तो इलेक्ट्रिक गिटारवर आधुनिक जॅझ, फ्यूजन वाजवत राहिला. १९८५ च्या आसपास ख्रिस्तियान एस्कुदे आणि बुलू फेरेबरोबर 'त्रिओ जितान' केलं. एस्कुदेही असाच दोन्ही घरचा पाहुणा, २०२४ मध्ये गेला. बाबिक २००१ मध्येच गेला. या धाग्याच्या निकषावर पहिला नंबर त्याचा लागायला हवा.

रॉटरडॅमकर

बाबिकला पहिला नंबर? पावलूबाब, नक्कल केली नाही एवढ्यावर कुणी मोठं होत नाही. त्याच्या ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्डवरचे सिंथेसायझर आज कानाला सोसत नाहीत. धाडस शंभर टक्के, संगीत साठ.

मडगावचो_पावलू

ऐंशीच्या दशकातला सिंथेसायझर कुणाचा सोसवतो हो? तेवढ्यावर माणूस बाद करायचा तर अर्धं जॅझ बाद करा. त्याच्या लाइव्ह रेकॉर्ड ऐका, बँड लहान असतो तेव्हाच्या.

तिरकिट

तुमचं भांडण चालू द्या. मला नवशिक्यासाठी क्रम सांगा. कुणापासून सुरू करू?

सहावी_तार

@तिरकिट, तुम्ही तालवाले आहात, तर आधी हेन्शेचं १९७० च्या दशकातलं क्विंटेट. झिरोलीचा ऱ्हिदम नीट ऐका. मग चान चू विदालचं 'ला जितान', तीन मात्रांचं आहे, चाल लगेच डोक्यात बसते. त्यानंतर बारोचं 'पानिक', म्हणजे त्याच तीन मात्रांचं काय होऊ शकतं ते कळेल. श्नेतबेर्गर रात्री, एकट्याने.

उगाच_काहीतरी

आणि टीटी विंटरश्टाइन?

अर्धा_सूर

तो व्हायोलिनवाला. त्याचा वेगळा धागा काढा.